मापात पाप : मोबाइलच्या ग्राहकलढ्याची तीस वर्षे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिचे अनुकरण महाराष्ट्रात गावोगावी झाले. अशा व्यासपीठांवरून आजवर धर्म, राजकारण, वाङ्मय अशा थोर विषयांचे विवेचन झाले आहे. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी खिशातला आहे. तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात या घटकेला आहे, आणि त्यातले एखाददुसरे यंत्र माझे बोलणे संपण्यापूर्वी वाजल्यावाचून राहणार नाही. मोबाइल फोनचा दर आणि त्या दरातला न्याय यांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

इतिहास म्हटला की आपणांस लढाया आणि तह आठवतात. परंतु सामान्य माणसाच्या सुखदुःखाचा इतिहास पुष्कळदा बाजारात घडत असतो. आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग काही उगीच रूढ झालेला नाही. वाण्याने भाव चढा सांगितला तर गिऱ्हाईक घासाघीस करते, नाहीतर दुसऱ्या दुकानी जाते. पण शेरच खोटा असेल तर त्याला काय करता येणार? शेर आणि मण हे एका मुलखात एक आणि दुसऱ्या मुलखात वेगळेच असत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली, तेव्हा कोठे देशभर एकच माप झाले. भाव ठरविणे बाजाराचे काम असेल. पण माप खरे आहे की नाही हे पाहणे समाजाचे काम आहे, हे तत्त्व त्यावेळी आपण मान्य केले.

मोबाइल कंपनी जो माल विकते तो दिसत नाही, हाती लागत नाही आणि घरी नेऊन पुन्हा तोलून पाहता येत नाही. मिनिट किती सेकंदांचे, महिना किती दिवसांचा, तुटलेल्या कॉलचे पैसे कोणी द्यावयाचे, या साऱ्या गोष्टी विकणाऱ्याच्या वहीत ठरतात. म्हणून या धंद्यात स्वस्ताई आणि रास्तपणा या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजल्या पाहिजेत. स्वस्ताई बहुतांशी स्पर्धेने आली, हे मी आरंभीच कबूल करतो. रास्तपणा मात्र ग्राहकाने मागितला तेव्हा मिळाला, आणि पुराव्यानिशी मागितला तेथेच तो टिकला. एवढेच माझे आजचे प्रतिपादन आहे. त्याला आधार म्हणून घडलेल्या गोष्टी क्रमाने सांगतो.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला, आणि आपल्या देशातले पहिले मोबाइल संभाषण झाले. त्यापूर्वीचा काळ आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. घरी टेलिफोन हवा म्हणून अर्ज करावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी ती स्थिती होती. दूरसंचार हे सरकारचे मक्तेदारीचे खाते होते. १९९४ च्या राष्ट्रीय धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले. पण दारातून आत गेलेल्यांना परवान्यासाठी अवाढव्य रकमा बोलाव्या लागल्या आणि त्या रकमा अर्थातच गिऱ्हाइकाकडून वसूल व्हावयाच्या होत्या. गर्दीच्या वेळी एका मिनिटाला सोळा रुपयांच्यावर दर पडे. आणखी विशेष असे की, आपण फोन केला तर पैसे, आणि दुसऱ्याने आपल्याला केला तरीही पैसे!

या दरांपुढे सामान्य माणसाने स्वतःपुरता एक तोडगा काढला, तो म्हणजे 'मिस्ड कॉल'. घंटा वाजवावी आणि उचलण्यापूर्वी बंद करावी. एक घंटा म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये, असे घरोघरी संकेत ठरले. भाजीवाला, सुतार, परगावी शिकणारा मुलगा, सर्वांनी ही युक्ती वापरली. जास्त दराविरुद्ध लाखो लोकांनी कोणीही न सांगता केलेली ती एक मूक हरकतच होती. परंतु युक्तीने एखाद्याचे चार पैसे वाचतात; त्याने नियम बदलत नाही. नियम बदलावयाचा तर हरकत लेखी असावी लागते, आणि ती ऐकून घेणारे कोणीतरी असावे लागते.

ऐकून घेणारे १९९७ साली निर्माण झाले. त्या वर्षीच्या कायद्याने दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ज्याला आपण 'ट्राय' म्हणतो ते, स्थापन झाले. त्या कायद्यातील एक साधे वाक्य मला फार मोलाचे वाटते. प्राधिकरणाने आपले काम पारदर्शकपणे चालविले पाहिजे, असे बंधन कायद्यातच घातलेले आहे. त्यामुळे कोणताही महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी प्रश्नांची एक पत्रिका प्रसिद्ध करावयाची, कंपन्या, ग्राहकसंस्था, नागरिक यांची लेखी मते मागवावयाची, ती सर्वांना पाहावयास खुली ठेवावयाची आणि मग उघड सभेत चर्चा करावयाची, असा परिपाठ पडला. पुढे ग्राहकसंस्थांची रीतसर नोंदणी करून त्यांना या विचारविनिमयात स्थान देण्याचे नियमही झाले.

महाराष्ट्राला ही पद्धत परकी वाटू नये. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी तिच्याद्वारे केले ते काय? रयतेची गाऱ्हाणी गोळा करावी, आकडे तपासावे, आणि राज्यकर्त्यांपुढे संयत भाषेत पण निरुत्तर करणारा अर्ज ठेवावा. ग्राहकचळवळीची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. १९६६ साली मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायतीचा जन्म झाला. या मंडळींनी धान्यातली भेसळ, तेलाचे माप आणि छापील किंमत यांवर लढत लढत लोकमत तयार केले. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा अशाच देशभरच्या प्रयत्नांचे फळ होय. मोबाइल आला तेव्हा ग्राहक हा शब्द या देशात नवा राहिलेला नव्हता.

तथापि पहिल्याच मोठ्या प्रकरणात एक अवघड प्रश्न उपस्थित झाला. ग्राहक म्हणजे नेमका कोण? १९९९ साली ट्रायने असे ठरविले की, जो फोन करील त्यानेच पैसे द्यावेत. मोबाइलधारकाने आलेल्या कॉलचे पैसे देऊ नयेत. मोबाइलधारकाच्या दृष्टीने हे न्यायाचेच होते. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, घरच्या साध्या टेलिफोनवरून मोबाइलला फोन करणाऱ्याने जास्त पैसे द्यावेत. त्यावेळी मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू होती आणि टेलिफोन मध्यमवर्गाची. श्रीमंताच्या सोयीसाठी मध्यमवर्गाने भुर्दंड का सोसावा? महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपनीबरोबरच ग्राहकांच्या बाजूनेही दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, आणि जानेवारी २००० मध्ये न्यायालयाने ट्रायचा तो आदेश रद्द केला. परवान्याच्या अटींनी ठरलेली उत्पन्नाची वाटणी बदलण्याचा अधिकार ट्रायला नाही, हे त्यामागचे कारण होते.

पुढे तीन वर्षांत परिस्थिती पालटली. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरीव परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली, नव्या कंपन्या आल्या, दर घसरले आणि मोबाइल रिक्षावाल्याच्या हाती गेला. १ मे २००३ पासून दोन कंपन्यांमधील आकारणीची नवी व्यवस्था लागू झाली आणि आलेल्या कॉलचे पैसे घेणे बंद झाले. साध्या टेलिफोनवरून मोबाइलला फोन करणे त्यावेळी महागले आणि त्याबद्दल कुरकुरही झाली. यावरून एक धडा घ्यावयाचा तो असा की, ग्राहकाचे हित ही एकसंध वस्तू नाही. एका ग्राहकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या बिलात तर जाऊन बसत नाही ना, हे ग्राहकाचा कैवार घेणाऱ्याने आधी तपासले पाहिजे.

आता मिनिटाकडे वळू. अनेक वर्षे बहुतेक योजनांत मोजणीचे एकक एक मिनिट होते. याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. आपण एकसष्ट सेकंद बोललात तर बिल एकशेवीस सेकंदांचे. म्हणजे एकोणसाठ सेकंद मौन विकत घेतले! एका कॉलमागे ही रक्कम क्षुल्लक. पण कोट्यवधी लोकांचे रोजचे कॉल धरले तर ती केवढी होईल याची कल्पना करावी. हे माप सुधारले ते मात्र प्रथम स्पर्धेने. जून २००९ मध्ये टाटा डोकोमो या नव्या कंपनीने सेकंदाला एक पैसा असा दर काढला आणि काही महिन्यांतच प्रतिस्पर्ध्यांना तिच्या मागे जावे लागले. हे श्रेय कोणत्याही संस्थेचे नाही, धंद्यातल्या चुरशीचे आहे, आणि ते मोकळेपणाने दिले पाहिजे. परंतु कंपनीने स्वखुशीने दिलेले कंपनी स्वखुशीने काढूनही घेऊ शकते. म्हणून २०१२ साली ट्रायने नियम केला की प्रत्येक कंपनीने सेकंदावर मोजणी करणारी निदान एक योजना ठेवलीच पाहिजे. स्पर्धेने दाखविलेली वाट नियमाने पक्की केली, ती अशी.

स्पर्धेचा लाभ घ्यावयाचा तर गिऱ्हाइकाला दुकान बदलता आले पाहिजे. मोबाइलच्या बाबतीत ते सोपे नव्हते. कंपनी बदलली की नंबर बदले. आणि नळदुरुस्ती करणाऱ्याचा किंवा लहान दुकानदाराचा नंबर म्हणजे त्याच्या धंद्याची पाटी. पाटी कोण बदलील? म्हणून लोक गैरसोय सोशीत त्याच कंपनीत राहत. तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची मुभा द्यावी अशी शिफारस ट्रायने २००६ साली केली. प्रत्यक्षात ती सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. शिफारशीपासून अंमलापर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली. शुल्क मात्र जास्तीत जास्त एकोणीस रुपये ठेवण्यात आले. जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातानाही नंबर नेता येऊ लागला. नागपूरचा नंबर घेऊन बंगलोरला नोकरीस गेलेल्या मुलाला यात विशेष काही वाटणार नाही. पण हा हक्क आकाशातून पडलेला नाही, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.

याच सुमारास दोन उपद्रवांनी ग्राहक हैराण झाला होता. एक, न मागितलेल्या जाहिरातींचे फोन. आणि दुसरा, न मागितलेल्या सेवा. पहिल्याविरुद्ध एका वकिलाने थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००७ साली अशा फोनांस नकार देणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही झाली, सप्टेंबर २०११ पासून अधिक कडक नियम आणि १९०९ हा क्रमांक आला, २०१८ मध्ये पुन्हा नवे नियम झाले. तरीही भर दुपारी कर्ज हवे काय म्हणून विचारणारे फोन थांबलेले नाहीत, हे मी सांगावयास नको. दुसरा उपद्रव अधिक गंभीर होता. एखादे बटण चुकून दाबले जावे आणि शिलकीतून गाण्याचे, राशिभविष्याचे, क्रिकेटच्या धावसंख्येचे पैसे कापले जावेत, असे प्रकार सर्रास घडत. यात बळी पडे तो बहुधा इंग्रजी संदेश न वाचता येणारा माणूस. २०१३ साली ट्रायने आदेश काढला की ग्राहकाची दोनदा स्पष्ट संमती घेतल्यावाचून अशी कोणतीही सेवा चालू करू नये. मौन म्हणजे संमती, हे वचन लग्नाच्या बोलणीत शोभत असेल. बिलात ते चालू देता येत नाही.

येथवर नियमांची गोष्ट झाली. पण नियम मोडला तर जावयाचे कोठे? हा या इतिहासातला सर्वांत दुःखद आणि शेवटी सर्वांत समाधानाचा भाग आहे. ट्राय व्यक्तिगत तक्रारीचा निवाडा करीत नाही. कंपनीकडे तक्रार करावी, तेथे समाधान न झाले तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे, अशी व्यवस्था आहे. ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच घरी अपील! त्यामुळे ग्राहकन्यायालय हाच खरा आधार. परंतु सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका साध्या टेलिफोनच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, १८८५ च्या तार कायद्यात अशा वादांसाठी लवादाची तरतूद असल्यामुळे ते ग्राहक मंचापुढे चालू शकत नाहीत. तो लवाद केंद्र सरकारने नेमावयाचा आणि त्याचा निवाडा अंतिम समजावयाचा. इंग्रजी अमदानीतला तारेचा कायदा एकविसाव्या शतकातल्या मोबाइलधारकाच्या आड आला. खाजगी कंपन्या या निर्णयाचा आधार घेऊ लागल्या आणि ग्राहकांच्या कित्येक तक्रारी उंबरठ्यावरूनच परत जाऊ लागल्या.

हा अडसर दूर होण्यास एका सामान्य ग्राहकाची चिकाटी कारण झाली. त्याचे मासिक बिल सरासरी साडेपाचशे रुपयांच्या आसपास येई. २०१३ च्या अखेरीस एका महिन्याचे बिल एकदम चोवीस हजारांवर आले. त्याने जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार केली. कंपनीने रकमेच्या वादाबरोबरच मंचाच्या अधिकारालाच आव्हान दिले, आणि वाद राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निर्णय दिला की, ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला उपाय हा जादा उपाय आहे. तार कायद्यातील लवादामुळे तो नष्ट होत नाही, आणि दूरसंचार सेवा ही ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. मूळ तक्रारीतील रक्कम एखाद्याने सोडून दिली असती. वकिलाची फी, खेटे, वर्षे यांचा हिशेब मांडला तर व्यवहारी माणूस तेच करील. पण या एका माणसाने ते केले नाही म्हणून पुढे आपल्या सर्वांसाठी न्यायालयाचे दार उघडे राहिले. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याखालचा हा हक्क अबाधित ठेवला आहे.

आता ग्राहकपक्षाच्या एका पराभवाविषयी बोलणे प्राप्त आहे. आपल्या बाजूचे पराभव झाकून ठेवणे इतिहासाला शोभत नाही. बोलता बोलता कॉल तुटणे हा अनुभव सार्वत्रिक आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने नियम केला की १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे, दिवसाला तीनपर्यंत, कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा. लोकांना आनंद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम कायम केला. पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कारणे विचार करण्यासारखी आहेत. कॉल तुटण्याची सरासरी ३६.९ टक्के कारणे ग्राहकाच्या बाजूला असतात, असे ट्रायच्याच एका तांत्रिक निबंधात होते. शिवाय दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटणे ट्रायच्याच गुणवत्तेच्या नियमांत चालत होते. मग ती मर्यादा पाळणाऱ्या कंपनीलाही, आणि दोष कोणाचा हे न पाहता, दंड का, असा प्रश्न आला आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. हरकतींचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून नियम मनमानी आणि अपारदर्शक ठरला. नियम करण्यापूर्वी लोकांची मते रीतसर विचारात घेण्याची पद्धत सर्वच खात्यांना लागू व्हावी, असा कायदा संसदेने करावा, अशी सूचनाही न्यायालयाने त्या निर्णयात केली. ज्या पारदर्शकतेच्या कलमावर ग्राहकाची सारी भिस्त, त्याच कलमाने ग्राहकाच्या फायद्याचा नियम पाडला. गाऱ्हाणे खरे असले तरी पुरावा कच्चा असून चालत नाही, ही गोष्ट सार्वजनिक सभेच्या अर्जदारांना दीडशे वर्षांपूर्वी माहीत होती. आपण ती अधूनमधून विसरतो.

याच्या उलट उदाहरण त्याच काळातले आहे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने एक प्रश्नपत्रिका काढली. इंटरनेटवरील काही सेवांना वेगळी वागणूक किंवा वेगळा दर असावा काय, असा तिचा एकंदर आशय होता. ती लांबलचक आणि क्लिष्ट होती. काही तरुण कार्यकर्त्यांनी तिची सोपी फोड केली, प्रत्येक प्रश्नाला कारणांसह उत्तराचा मसुदा तयार केला, आणि दहा लाखांहून अधिक पत्रे ट्रायकडे गेली. पुढे फेसबुक कंपनीने निवडक संकेतस्थळे फुकट देण्याची 'फ्री बेसिक्स' नावाची योजना आणली आणि तिच्या समर्थनार्थही लाखो पत्रे पाठविली गेली. परंतु त्यांतील बऱ्याचशा पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नव्हती, असे ट्रायने दाखवून दिले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय झाला की, आत काय पाहिले जाते त्यावरून इंटरनेटचा दर कमीजास्त करता येणार नाही. पाणीपट्टी घेणाऱ्याने त्या पाण्याचा चहा केला की सरबत, हे विचारू नये, असा हा साधा न्याय होय. ट्रायपुढे त्या पत्रांचे वजन पडले ते त्यांच्या संख्येमुळे तर खरेच, पण त्याहून अधिक त्यांतील उत्तरांमुळे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ कंपनीची सेवा सुरू झाली. बोलणे जवळजवळ फुकट झाले आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की जगात त्याची चर्चा झाली. खेड्यातला विद्यार्थी, शेतकरी, गृहिणी यांना त्याचा झालेला लाभ कोणी नाकारू नये. पण या लाटेत अनेक कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. एका काळी एकेका विभागात दहाच्या आसपास कंपन्या होत्या. आज देशभर तीन खाजगी आणि एक सरकारी एवढ्याच उरल्या आहेत. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशी दरवाढ झाली, आणि प्रत्येक वेळी तिन्ही खाजगी कंपन्यांनी थोड्याफार अंतराने ती केली. जुलै २०२४ नंतर लाखो लोक आपला नंबर घेऊन सरकारी कंपनीकडे गेले. २०११ साली मिळविलेला हक्क तेरा वर्षांनी उपयोगी पडला, तो असा.

दुकाने कमी झाली की मापाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. या काळात महिन्याचे माप बदलले. बहुतेक रिचार्जची मुदत अठ्ठावीस दिवसांची झाली. पंचांगात अधिक महिना तीनएक वर्षांतून एकदा येतो. मोबाइलच्या पंचांगात तो दरसाल येऊ लागला. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. ज्याचा महिन्याचा रिचार्ज दोनशे रुपयांचा आहे असे धरले, तो वर्षाला चोवीसशे देतो असे समजतो आणि देतो सव्वीसशे. ग्राहकांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने नियम केला की प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पूर्ण तीस दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेस नवी करता येईल अशी ठेवावी. योजना आल्या; पण त्या आहेत हे किती ग्राहकांना माहीत आहे?

याहून मनाला लागणारी गोष्ट पुढे आहे. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी अट घातली की फोन चालू ठेवावयाचा तर अठ्ठावीस दिवसांसाठी किमान पस्तीस रुपयांचा रिचार्ज केलाच पाहिजे. खात्यात शिल्लक असलेल्यांवरही पाळी आली तेव्हा ट्रायला मध्ये पडून कंपन्यांना विचारणा करावी लागली. २००३ साली आलेल्या कॉलचे पैसे बंद झाले होते. ते आता मागल्या दाराने परत आले. ही किमान रक्कमही पुढे वाढत गेली, आणि योजना अशा आखल्या गेल्या की बोलण्याबरोबर इंटरनेट घ्यावेच लागावे. आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. मुलगा परगावी आहे आणि त्याचा आठवड्यातून दोनदा फोन येतो. त्या स्वतः क्वचितच कोणाला फोन करतात. तरी त्यांना दरमहा इंटरनेटसह रिचार्ज मारावा लागे. "अरे, मी जे जेवलेच नाही त्याचे पैसे का द्यायचे?" असे त्यांनी मला एकदा विचारले. अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांत या प्रश्नाला मोठी नावे असतील. त्यांनी तो एका वाक्यात विचारला.

कोट्यवधी लोक आजही असे साधे फोन वापरतात. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने केवळ बोलणे आणि संदेश यांच्यासाठी निदान एक स्वतंत्र योजना ठेवावी. विशेष योजनांची कमाल मुदतही नव्वद दिवसांवरून तीनशे पासष्ट दिवसांपर्यंत वाढविली. जानेवारी २०२५ मध्ये अशा योजना बाजारात आल्या. त्यांचे दर पाहून ग्राहकांचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही, कारण योजना ठेवा असे नियम म्हणतो, ती कितीला द्यावी हे कंपनी ठरविते. म्हणजे हे काम निम्मे झाले आहे आणि निम्मे आपल्याकडे आहे.

श्रोतेहो, हा तीस वर्षांचा ताळेबंद आहे. सोळा रुपयांचे मिनिट जवळजवळ फुकट झाले, हे विज्ञानाने आणि स्पर्धेने केले. पण मिनिट खरे सेकंदात मोजले जावे, नंबर माणसाच्या मालकीचा असावा, न मागितलेल्या वस्तूचे पैसे कापू नयेत, तक्रारीला न्यायालय असावे, महिना महिन्याएवढा असावा, या गोष्टी कायम टिकल्या त्या नियमाने आणि न्यायालयाने; आणि त्यांच्या मागे कोणी ना कोणी हिशेब करून विचारणारा ग्राहक होता. जेथे हिशेब पक्का होता तेथे जय झाला, कच्चा होता तेथे हार झाली.

तेव्हा आपण काय करावे? फार मोठे काही सांगत नाही. आपल्या रिचार्जची मुदत मोजावी. तीस दिवसांची आणि केवळ बोलण्याची योजना दुकानदाराकडे नाव घेऊन मागावी. तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण क्रमांक नसलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर. ट्रायची प्रश्नपत्रिका निघेल तेव्हा गावच्या ग्राहकसंस्थेने, वाचनालयाने, शाळेच्या शिक्षकांनी ती एकत्र बसून वाचावी आणि दोन पाने का होईना उत्तर पाठवावे. त्या उघड सभेत कंपन्यांचे वकील नेहमी हजर असतात. रिकामी असते ती खुर्ची आपली.

आणि हे एवढे जमले नाही तरी आज घरी गेल्यावर एक गोष्ट अवश्य करावी. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा साधा फोन हाती घ्यावा आणि महिन्याकाठी त्याच्यापोटी कशाकशाचे पैसे जातात ते एकदा त्यांच्याजवळ बसून पाहावे. शेजारच्या आजींसाठी मी ते केले. जानेवारीपासून त्या फक्त बोलण्याचे पैसे देतात. मुलाचा फोन पूर्वीसारखाच आठवड्यातून दोनदा येतो.